मातीचा बाबा

८ ऑक्टो., बुध.

खाडीपलीकडची शाळा. बुधवार तिथला. कट्टा गावातून निघताना स्कूटर सुरू होईना, किक मारमारून पिंढरी धरली. पोचले तर खोली नाही. मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, आज पोषण आहाराच्या खोलीत बसून घ्या." म्हणजे तांदळाची पोती आणि मी. तीन वर्षं येतेय, समुपदेशनाला खोली लागते हे यांच्या गळी अजून उतरत नाही.

नवी मुलगी पाठवली. पाचवी. वर्गशिक्षिकेची चिठ्ठी: "गणपतीच्या आधीपासून एक शब्द बोलत नाही. ओरडून झालं, लाडीगोडी झाली. तुम्ही बघा." तुम्ही बघा. मी काय जादूगार.

वडील मच्छीमार. नारळी पौर्णिमेनंतर आठवड्याने होडी उलटली. होडीत दोघे भाऊ. धाकटा पोहत किनाऱ्याला लागला. हिचे वडील नाहीत. मयतही सापडलं नाही.

मुलांची नावं इथे लिहायची नाहीत, माझाच नियम. फाइलमध्ये नंबर आहे. इथे शिंपली. तोंड तसं मिटलेलं म्हणून.

पाऊण तास मी बडबडले. ती पोत्याची सुतळी उसवत बसली होती. घंटा झाल्यावर मीच सुतळी परत बांधली, नाहीतर तांदूळ सांडले असते आणि ते माझ्या नावावर.

१५ ऑक्टो., बुध.

शिंपलीच्या घरी जाऊन आले. आई आणि आजी. काका हल्ली गोव्याला कामाला जातो, दर्याकडे पाऊल टाकत नाही म्हणे.

आईच्या कपाळावर कुंकू, गळ्यात मंगळसूत्र. माझी नजर गेली ती आजीने पकडली. म्हातारी तिखट आहे. "माजो झील येतलो. देवळात कौल लावलो. उजवो दिल्यान देवान." उजवा कौल, म्हणजे मुलगा येणारच. "घरात सुतक नाय, तर गणपती कित्याक बंद करूचो? हाडलो. दीड दिवस पुजलो." दरवर्षी मूर्ती डोक्यावरून शिंपलीचा बाप आणायचा, यंदा काकाने आणली. एवढं आईने सांगितलं, तेही खाली बघून.

विचारलं, पोर कधीपासून बोलत नाही. आई आत गेली. आजी म्हणाली, "तिका आता समाजला, गप खंय रवाचा ता."

हे वाक्य मला आवडलं नाही. लिहून ठेवते.

१२ नोव्हें., बुध.

दिवाळीची सुट्टी संपली. शिंपली अजून मिटलेलीच. चित्रं काढत नाही. रंगाचे खडू सरळ रांगेत लावते आणि उठते. बाहुल्या हातात घातल्या तर हात तसाच मांडीवर.

संध्याकाळी खालच्या आळीत मूर्तिकार आबांकडे गेले. त्यांच्या गणपतीच्या शाळेत आता सामसूम, रंगाचे डबे पालथे. उरलेली माती कोपऱ्यात ओल्या गोणपाटाखाली होती. मागितली. आबा म्हणाले, "कित्याक गो? घरात दुसरो गणपती करतंस?" पोरांना खेळायला म्हटलं. पाटीभर दिली. घरी आल्यावर हे म्हणाले, आता स्कूटरवर चिखल वाहा. वाहीन.

१९ नोव्हें., बुध.

माती चालली.

शिंपलीने आधी बोट खुपसलं, मग हात. मग वीसेक मिनिटं मान वर केली नाही. माणूस केला. बसलेला. मिशी काढली काडीने. मी विचारलं, बाबा? मान हलली. हो.

काय सांगू कसं वाटलं. नोंद नीट करते, भावनेत वाहून जायचं नाही: बाबा चौकोनी सपाट तुकड्यावर बसलेला (होडी). समोर दोन लहान गोळे (जाळ्याचे तरंगते बोये असावेत). पायाशी एक लांबट गोळा (नांगर? दगड?). म्हणजे अपघाताची जागाच तिने मांडली. फोटो काढला. पुण्याच्या मॅडमना पाठवला, माझ्या केसेसवर देखरेख त्यांची. त्यांचा लगेच फोन. "फार मोलाचं आहे हे. घाई करू नका. मुलगी स्वतः निरोप घेईल, तुम्ही फक्त सोबत रहा."

सोबत राहते.

३ डिसें., बुध.

बोलली.

क्रमाने लिहिते, नाहीतर विसरेन. बाबा वाळून खडखडीत झाला होता. विचारलं, ह्याचं काय करायचं तुला? तिने खिडकीतून बोट दाखवलं. दर्या. शाळेच्या मागेच वाळूची पुळण, सुरूच्या झाडांतून पाच मिनिटं. मुख्याध्यापकांना सांगितलं पाय मोकळे करून येतो.

तिने बाबाला दोन्ही हातांत छातीशी धरून नेलं. चपला काठावर काढल्या. गुडघाभर पाण्यात गेली, मी मागे, साडी भिजली. बाबाला पाण्यात बुडवलं, वर काढलं. परत बुडवलं, वर काढलं. तिसऱ्यांदा सोडला. आणि म्हणाली, "लवकर ये."

घोगरा आवाज. साडेतीन महिन्यांचा गंज. मी रडले, नोकरीत पहिल्यांदा मुलासमोर रडले. येताना तिने मूठभर ओली वाळू उचलली आणि दप्तराच्या खणात घातली. आठवण म्हणून.

मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "क्लोजर. इतकं सुंदर क्लोजर मी पाहिलं नाही." मी पण नाही पाहिलं. आज मी बरी समुपदेशक आहे असं वाटतंय. वाटू दे एक दिवस.

६ डिसें., शनि.

एक दिवस संपला.

पोरांनी पुळणीवर बघितलं होतं. गावभर झालं. बाईन मातीचो बापूस करून दर्यात सोडल्यान. सकाळी शाळेतून बोलावणं. आजी ओसरीवर बसून होती, उन्हात, पाणीही घेतलं नाही. मला बघून उठली. "माजो झील जितो आसताना तुमी तेचे दिवस घातलास." मी म्हटलं, आजी, दिवस नाही घातले, पोरीने मनातलं... पुढे बोलू दिलं नाही. "देवान उजवो कौल दिलो. तुमी देवापेक्षा मोठी?"

मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, मातीबिती आता बंद. आणि ती मुलगी काही दिवस नको."

चीड आली आहे. दहा वर्षांच्या पोरीने जे पचवलं ते मोठ्यांना पचत नाही आणि खापर माझ्या डोक्यावर. म्हातारीचं दुःख कळतं मला. पण कळून काय.

१४ जाने., बुध.

महिनाभर शिंपली नाही. बुधवार आला की त्या पोत्यांच्या खोलीत नववीतली दोन पोरं येतात, मोबाइलवरून भांडणारी.

आज दुपारी कट्ट्याच्या स्टँडवर शिंपलीची आई. एसटीने आली होती, मला शोधत. हातात तिळगुळाची पुडी. "बाई, ती बोलता. घरात बोलता. परवा माज्याकडे भाकरी मागल्यान, माज्या हातातली थाळी पडली. म्हातारी आयकता आणि कोपऱ्यात जावन रडता. तुमी परत घेवा तिका." आजी काय म्हणतील? "म्हातारी कायएक म्हणूची नाय. तिकाय आवाज व्हयो होतो."

पुडी घेतली. स्टँडवरच एक लाडू खाल्ला.

२८ जाने., बुध.

आज कळलं.

शिंपली खडूंनी होडी काढत होती. काढता काढता, मान खाली, सगळं एका दमात: "बाबा भायर पडलो तेवा मियां पाठसून इचारलंय, बाबा, खंय जातंस? आजयेन तोंडार मारल्यान. दर्यार जातल्याक खंय जातंस इचारूचा नाय. पाठसून हाक मारूची नाय. मग बाबा इलो नाय."

म्हणान मी बोलाक नाय, असं शेवटी.

माझ्या आईनेही ह्याच गोष्टीवरून मला फटके दिलेत. बाहेर पडणाऱ्याला कुठे जातोस विचारायचं नाही, ह्या किनाऱ्यावर ते दुधाबरोबर पाजतात. मी आजही यांना विचारत नाही, "येतास ना?" म्हणते. पोरीला वाटलं, आपल्या जिभेने बाप नेला. म्हणून जीभच बंद.

सांगितलं तिला, वारा होता, तुझ्या विचारण्याने होडी उलटत नाही. तिने ऐकून घेतलं. फार मनावर घेतल्यासारखं दिसलं नाही. उलट शांत. होडीला लाल रंग दिला.

एवढी शांत कशी? असो. निरोप झालाय, म्हणून.

१४ मार्च, शनि. पुणे

कार्यशाळा. माझं अर्ध्या तासाचं सादरीकरण. पडद्यावर शिंपलीच्या बाबाचा फोटो, खाली अक्षरं "निरोप". शेवटी टाळ्या. मॅडमनी खांद्यावर हात ठेवला.

चहाच्या वेळी रत्नागिरीकडची एक बाई जवळ आली. "तो पाटावर बसलाय का हो?" मी म्हटलं, नाही, होडी आहे ती. "असं का. मला आपलं पाटासारखं वाटलं." तिने बिस्किट बुडवलं आणि विषय संपला.

परतीच्या गाडीत झोप छान लागली.

८ एप्रि., बुध.

परीक्षा. शिंपली पेपर देऊन धावत आली, गणितात एक सोडून सगळी आली म्हणाली. मला कोडी घालते. वर्गातली बाकीची पोरं म्हणतात, हिला गप्प करा आता. हसले.

अशी एक केस वर्षात मिळाली तरी पुरे.

२० जून, शनि.

नीट लिहिते.

नव्या वर्षासाठी माती मागायला आबांकडे गेले. त्यांची गणपतीची शाळा सुरू झालीय, पन्नासेक धडं ओळीत, शिरं नाहीत अजून. आबा माती मळत होते. म्हणाले, "गो, तुजा ता चेडू इल्ला. आवशीवांगडा बाजारात इल्ला, थंयसून हय." कोण? "तां पयला बोलाक नसलेला. माका इचारी हुता, आबा, गणपती पाण्यात विरघाळता, मग फुडल्या वर्सा तोच कसो येता? मियां म्हटलंय, माती खंय जातली? थंयच आसता. फुडल्या चवथीक तोच परत येता. खूश झाला. नाचत गेला."

मी तिथे धडांमध्ये उभी. समोर पाटांची चळत.

घरी आले, मोबाइलमधला फोटो उघडला. चौकोनी सपाट तुकडा. पाट. होडीला टोक असतं, ह्याला नाही. समोर दोन गोळे, वर चिमटीने काढलेलं टोक आहे, मोठं करून बघितलं तर दिसतं. मोदक. पायाशी लांबट गोळा, शेपटी आहे त्याला. उंदीर.

तीन वेळा बुडवला. लवकर ये म्हणाली. पाटाबरोबर वाळू आणतात तशी वाळू घेऊन घरी गेली.

निरोप नाही. विसर्जन. परत येण्यासाठी करतात ते.

आणि मी, जन्म ह्या किनाऱ्यावर गेलेली बाई, सत्तेचाळीस चवथी बघितलेली, मी तिच्यामागे पाण्यात उभी राहून रडले. आनंदाने. पुण्याला जाऊन टाळ्या घेतल्या. पाटाला होडी म्हणाले कारण पुस्तकात अपघाताची जागा लिहिलेली असते, पाट नसतो.

लाज वाटते. दुसरा शब्द नाही.

२४ जून, बुध.

आडून आडून विचारलं. गरजच नव्हती, तिने सरळ सांगितलं.

"औंदा चवथ उशिरान आसा, बाई. अधिक म्हयनो इलो ना. म्हणान बाबाक उशीर."

तुला कोणी सांगितलं, बाबा येणार म्हणून? "कोणी नाय. गणपतीक सोडतत, तो येता. आमच्या गणपतीक दर वर्सा बाबा सोडता. पण बाबाक सोडूक कोण नव्हता, म्हणान तो वाट चुकलो. मग मियां सोडलंय. तुमी होतास ना."

तुमी होतास ना.

कोणाला सांगितलंस का? नाही. आजीला सांगितलं तर ती गावभर करील आणि आईला सांगितलं तर आई रडते. "आवशीक चवथीक एकदमच कळतला."

चवथ १४ सप्टेंबरला.

१ जुलै, बुध.

पाऊस, खाडीवरचा रस्ता बंद, शाळेत गेले नाही. मॅडमना फोन केला. सगळं सांगितलं, पाटासकट. म्हणाल्या, "हे तिला कळायलाच हवं. त्या दिवसाच्या आधी. पण आईने सांगायला हवं, तुम्ही शेजारी असा." आणि, "तुमच्या सादरीकरणाचा अहवाल मी सध्या मागे घेते."

विचारलं, कळल्यावर परत बोलणं बंद झालं तर? "होऊ शकतं," म्हणाल्या. प्रामाणिक बाई आहे.

८ जुलै, बुध.

एक युक्ती केली. मूर्खपणाची. काचेची बरणी नेली, पाणी, मातीचा एक माणूस. म्हटलं बघूया काय होतं. मातीचा माणूस आधी सुटला, मग पसरला, मग पाणी गढूळ. मी हळूच म्हटलं, बघ, आता तो दिसत नाही. गेला.

शिंपली बरणीशी नाक लावून बसली. घंटा होईपर्यंत. पाणी निवळलं.

"गेलो नाय, बाई. खाली बसलो. बघा. मातीची माती आसा. आता काढून परत करूचो."

आणि केला. तळातला गाळ हाताने काढून, पिळून. थोडा लहान झाला, एवढंच. बरणी माझ्या हातात दिली, धुवायला.

१९ जुलै, रवि.

शिंपलीच्या घरी. आजी देवळात गेलेली बघून गेले, म्हणजे मी पण आता चोरासारखी. आई मागीलदारी भांडी घासत होती. सांगितलं सगळं. ती घासत राहिली. तेच पातेलं, परत परत.

मग म्हणाली, "भावजीन बघितल्यान. दोन येळा वर इलो. तिसऱ्या येळाक नाय." दिराने त्याच दिवशी संध्याकाळी फक्त हिला सांगितलं. हिने कोणाला नाही. "म्हातारेक खंय सांगू? तिचो कौल आसा. सांगलंय तर म्हातारी आठ दिवस जगाची नाय." वर्षभर ही बाई कुंकू लावतेय. आरशात बघून लावत नाही, अंदाजाने लावते म्हणाली.

दोन वेळा वर, तिसऱ्यांदा नाही. मला पुळणीवरचं आठवलं. पोरीला हे माहीत नाही. माहीत असणं शक्यच नाही. तरी.

म्हटलं, वहिनी, तिला सांगायला हवं. "औंदा गणपती हाडूक नाय तर गाव म्हणतलो, मानल्यानी तो गेलो म्हणान. हाडलो तर ह्या चेडवाक वाटता बापूस येतलो. काय करू, तुमीच सांगा."

आणि मग जे येणार हे मला माहीत होतं तेच आलं: "बाई, तुमी सांगा तिका. तुमी सोडूक दिलास."

बरोबर आहे.

५ ऑग., बुध.

आज सांगणार होते. तिला ताप. बरं वाटलं मला, लिहिते ते खरं.

१९ ऑग., बुध.

आज नाही. ती वर्गाला नाच शिकवत होती, खिडकीतून बघून परत फिरले. एक आठवडा तरी आवाज असू दे तिला. हे तिच्यासाठी की माझ्यासाठी, विचारू नये.

यांनी विचारलं. "तू तिला वाचवतेस की तुझी केस?" जेवण टाकून उठले. मग परत येऊन जेवले. बरोबर बोलतात तेव्हाच राग येतो.

२ सप्टें., बुध.

शिंपलीने कानात सांगितलं: बाबाचा निळा शर्ट धुऊन वाळत घातला. आजीने विचारलं कशाला, तर म्हणाली कपाटात वास येतो.

आजी तो शर्ट नाकाला लावून बसली होती, म्हणे.

त्या घरात तिघी आहेत आणि तिघींचे तीन वेगळे बाबा.

९ सप्टें., बुध.

"बाई, सोमवारी तुमी आमच्याकडे येवा. मुद्दाम येवा. गंमत आसा."

येते म्हटलं. जीभ झडली नाही माझी.

दुपारी तिच्या आईला फोन केला. रविवारी. तुम्ही, मी, ती. चवथीच्या आधी. आई म्हणाली, "गणपती हाडतलोच आमी. दिवस मगे पितृपक्षात करू. दिराशी बोललंय. म्हातारेक तोच सांगतलो."

म्हणजे तिचं ठरलं आहे. वर्षभराने ठरलं. आता मला मागे फिरता येणार नाही, आणि खरं सांगायचं तर फिरायला रस्ता हवाच होता.

१३ सप्टें., रवि.

दहा वाजता पोचले. गाव चवथीच्या घाईत. प्रत्येक अंगणात कोणीतरी काहीतरी धुतंय. दीर कालच गोव्याहून आला होता, म्हातारीला घेऊन देवळात गेला होता. मुद्दामच नेलं असावं.

शिंपली माजघरात स्टुलावर उभी. गणपतीच्या डोक्यावरची माटवी बांधत होती, कवंडळाची फळं, सुपाऱ्यांचा घोस, आंब्याचे टाळ. खाली भिंतीला टेकवून दोन पाट, धुतलेले. दोन.

"बाई, तुमी आजच इलास? गंमत उद्या आसा."

आई चुलीपाशी गेली आणि तिथेच राहिली. हाक मारली, आली, दारात थांबली, तोंडाला पदर. तिच्याकडून होईना. मी शिंपलीला खाली उतर म्हटलं. उतरली. हातात कवंडळ तसंच.

किती तयारी केली होती. मॅडमनी वाक्यं सांगितली होती, साधी, छोटी. त्यातलं एक आठवलं नाही. मालवणीत बोलले, शाळेत कधी बोलत नाही मी तिच्याशी मालवणीत. म्हटलं, बाय, बाबा येवचो नाय. तो दर्यात बुडून गेलो. काकान बघितल्यान. गणपती येता तो मातीचो, आबा दर वर्सा नवो करतत. बाबा मातीचो नव्हतो. मियां तुका त्या दिवशी पाण्यात जावक दिलंय, तुका काय वाटता ता माका समाजला नाय. माजी चूक. तुजी नाय.

तिने आईकडे बघितलं. आईने मान हलवली. एकदाच.

शिंपली मला म्हणाली, "मियां इचारलंय म्हणान?"

नाय, म्हटलं. नाय गो.

"मग?"

वारो होतो. होडी उपडी पडली. दुसरा काय नाय.

तिने ऐकलं. रडली नाही. कवंडळ माटवीला बांधायचं राहिलं होतं ते खाली ठेवलं. दोन पाटांतला एक उचलला, आतल्या खोलीत नेऊन ठेवला. आम्ही बघत होतो. थोड्या वेळाने परत घेऊन आली. होता तिथे ठेवला. फडक्याने पुसला. मग स्टुलावर चढून माटवी बांधायला लागली, पाठ आमच्याकडे.

अर्धा तास बसले. आई तिच्या पायांना धरून उभी राहिली, स्टूल हलू नये म्हणून. मी दोनदा हाक मारली, बाय. हूं नाही. चूं नाही. मी ओळखते ती शांतता, गेल्या ऑक्टोबरात तांदळाच्या पोत्यांत बसून ऐकलीय.

आई म्हणाली, बाई तुमी आता जावा, म्हातारी येतली. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

निघाले. अंगण, मग बेड्यापर्यंत, कुंपणाच्या दारापर्यंत, पायवाट, मग रस्ता. स्कूटर रस्त्याला लावलेली. हळू चालले. मुद्दाम हळू. लहानपणापासून शिकवलंय, घरातून निघाल्यावर पाठून हाक नको, कोणी विचारू नये कुठे जातेस म्हणून. आज प्रत्येक पावलाला वाटत होतं, मार गो हाक. विचार खंय जातास. काय व्हायचं ते होऊ दे मला रस्त्यात.

बेड्याशी थांबले. चपलेतला खडा काढला. खडा नव्हता.

हाक नाही आली.

घरी येऊन मॅडमना फोन केला नाही. यांनी काही विचारलं नाही, ताट वाढलं.

उद्या चवथ. तिने बोलावलंय, मुद्दाम या म्हणून. अकराला जाईन. काय दिसेल ठाऊक नाही. एक पाट असेल की दोन. मंगळवारी दुपारी त्यांचा गणपती जाणार, तेव्हाही पुळणीवर जाणार आहे. पाण्यात नाही उतरणार. काठावर उभी राहीन, तिला दिसेन अशी.